ड्यूटी लिस्टमध्ये न दिसणारे कौशल्य

2020 च्या एप्रिलमध्ये मुंबईतले नायर रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवले गेले. सेंट जॉर्जेस रुग्णालयाचेही तेच झाले. पुण्यात ससूनची अकरा मजली नवी इमारत घाईघाईने कामाला लागली. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल, वरळी, गोरेगाव, मुलुंड, दहिसर इथे जम्बो केंद्रे उभी राहिली. खाटा किती, ऑक्सिजनच्या किती, व्हेंटिलेटर किती, हे आकडे रोज संध्याकाळी जाहीर होत आणि आपण सगळे ते श्वास रोखून वाचत असू. त्या खाटांपाशी उभी राहणारी माणसे कुठून आणली, हे मात्र कुणी सांगत नव्हते आणि आपणही विचारत नव्हतो. त्यांतली काही नव्याने भरती झालेली होती. पुष्कळशी मात्र दुसऱ्या कुठल्या तरी खाटेपासून उचलून आणलेली होती: शस्त्रक्रियागृहातून, नवजात शिशू विभागातून, हृदयविभागातून, डायलिसिसमधून, कर्करोगाच्या डे-केअरमधून.

या परिचारिकांना हलवायलाच नको होते, असे मी म्हणत नाही. साथ आली की माणसे हलवावीच लागतात. माझा मुद्दा असा आहे की विशेष शाखेत मुरलेल्या परिचारिकेला दुसरीकडे पाठवणारा प्रत्येक आदेश म्हणजे खरे तर दोन आदेश असतात. एक कागदावर असतो: उद्यापासून कोविड आयसीयूत हजर व्हा. दुसरा कुणी लिहीत नाही: आजपर्यंत ती ज्या रुग्णांना सांभाळत होती, त्यांची सेवा आजपासून तेवढी कमी झाली. पहिल्या आदेशावर सही असते. दुसऱ्याची जबाबदारी कुणीच घेत नाही, कारण तो आदेश आहे हेच कुणी मान्य करत नाही. तो मान्य होत नाही, याचे कारण आपल्या आरोग्यव्यवस्थेत परिचारिकेच्या विशेष ज्ञानाला अजून नीट जागाच नाही. कोविडने हा दोष निर्माण केला नाही. आधीपासून असलेला दोष त्याने जीवघेणा केला.

मी परिचारिका नाही. पण नात्यातल्या आणि ओळखीतल्या परिचारिकांशी या विषयावर वारंवार बोलत आले आहे. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. कष्टांबद्दल त्या फारशी तक्रार करत नाहीत. पीपीई किटमध्ये सहा-सहा तास पाणी न पिता काढले, चष्म्यावर वाफ धरायची, पाळी आली तरी बाहेर पडता येत नव्हते, घरी गेल्यावर मुलांना जवळ घेता येत नव्हते, हे सगळे त्या सांगतात, पण ते सोसल्याचा एक अभिमानही त्यांच्या सांगण्यात असतो. बोचते ते वेगळेच. नवजात शिशू विभागात अनेक वर्षे काढलेल्या एका सिस्टरने सांगितले, "मला काय येतं, हे कुणी विचारलंच नाही. माझं नाव यादीत होतं, एवढंच."

ही यादी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम. दोन्हींतून बाहेर पडणारी परिचारिका कुठल्याही वॉर्डात काम करू शकेल, असे मूलभूत शिक्षण तिला मिळालेले असते. त्यानंतर भारतीय परिचर्या परिषदेच्या मान्यतेचे एक वर्षाचे विशेष पदविका अभ्यासक्रम आहेत: अतिदक्षता, कर्करोग, नवजात शिशू, हृदय व छाती, मूत्रपिंड, मनोविकार, शस्त्रक्रियागृह, अपघात व आपत्ती. अतिदक्षतेसाठी तर नर्स प्रॅक्टिशनरचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रमही 2016 नंतर सुरू झाला. म्हणजे शिकण्याची सोय आहे. पण शिकून आल्यावर त्या ज्ञानाला धरून पद नाही. सरकारी रुग्णालयातली शिडी अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका (मेट्रन) अशी आहे आणि ती मुख्यतः सेवाज्येष्ठतेवर चढायची असते. कर्करोगाची पदविका घेतलेली परिचारिका उद्या अस्थिव्यंग वॉर्डात गेली, तर नियमांच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. ठरावीक काळाने वॉर्ड बदलायचा, ही रीतच आहे. त्या रीतीमागे एक न्याय्य विचारही आहे: जड वॉर्ड कायम एकीच्याच वाट्याला येऊ नये. पण त्याच रीतीमुळे परिचारिका म्हणजे कुठेही बसवता येणारे मनुष्यबळ, असा समज घट्ट होत गेला. डॉक्टरांच्या बाबतीत असे कुणी करत नाही. त्वचारोगतज्ज्ञाला कोविड वॉर्डात पाठवले तेव्हा निदान सगळ्यांना ठाऊक होते की हे त्वचारोगतज्ज्ञ आहेत.

2020 च्या मे महिन्यात महाराष्ट्राने केरळकडे मदत मागितली, ती 50 तज्ज्ञ डॉक्टर आणि 100 परिचारिकांची. वर्षभराने, 2021 च्या मेमध्ये केंद्राने जाहीर केले की बीएस्सी व जीएनएम परिचारिकांना पूर्ण वेळ कोविड सेवेत घ्यावे आणि 100 दिवस काम करणाऱ्यांना पुढे सरकारी भरतीत प्राधान्य मिळेल. दोन्ही निर्णय त्या त्या वेळी गरजेचेच होते. पण मागणीची भाषा पाहा. डॉक्टरांपुढे 'तज्ज्ञ' हे विशेषण येते. परिचारिकांपुढे फक्त संख्या येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 हे वर्ष परिचारिका आणि सुईणींचे म्हणून जाहीर केले होते, फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला 200 वर्षे झाली म्हणून. त्या वर्षीच्या अहवालात जगात 59 लाख परिचारिका कमी असल्याचे म्हटले होते. त्या तुटवड्याबद्दल भरपूर बोलले गेले. ज्या आहेत त्यांना काय येते, याची मोजदाद करण्याबद्दल आपल्याकडे फारसे कुणी बोलले नाही.

नवजात शिशू विभागातली परिचारिका प्रौढांच्या कोविड आयसीयूत जाते तेव्हा नेमके काय होते? एरवी तिचा रुग्ण एक-दीड किलोचा असतो. औषध मिलिलिटरच्या दशांशात मोजायचे, सलाइनचा वेग तासाला काही मिलिलिटर, बाळाच्या त्वचेचा रंग आणि छातीची हालचाल पाहून मॉनिटर बोलायच्या आधी धोका ओळखायचा, हे तिच्या हातात बसलेले असते. तिथून ती एकदम 80 किलोच्या, मधुमेह-रक्तदाब असलेल्या, बायपॅपवर (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) तडफडणाऱ्या माणसापाशी येते. औषधे वेगळी, मात्रा वेगळी, व्हेंटिलेटरची गणिते वेगळी. रक्तदाब टिकवणारी औषधे पंपावर चाललेली आणि सिरिंज संपायच्या आत दुसरी तयार हवी. श्वास सुधारावा म्हणून रुग्णाला पालथे घालायचे तर चार-पाच माणसे लागतात, नळी निसटू न देता ते करायचे असते आणि तसे तासन्‌तास ठेवायचे असते. ही परिचारिका हुशार आहे, कष्टाळू आहे, पण तिथे ती नवखी आहे. आणि नवखेपण तिला स्वतःला सगळ्यांत आधी कळते. आपल्या विभागात ज्या बाईला रात्री दोन वाजता निवासी डॉक्टर विचारायला येतात, तिला इथे साधी गोष्ट विचारायला आजूबाजूला माणूस शोधावा लागतो, आणि किटमधल्या माणसाचा चेहरासुद्धा दिसत नसतो.

शिवाय मागे जे राहिले, ते तर फारच गंभीर. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या नवजात काळजी कक्षांसाठीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की या कक्षात प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना इतरत्र फिरवू नये. ही सूचना उगाच आलेली नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे जगणे बरेचसे परिचर्येवर अवलंबून असते: ऊब, दूध, संसर्गापासून जपणे, श्वास थांबला की लगेच लक्षात येणे. साथीच्या काळात बाळे जन्माला यायची थांबत नाहीत. नायरमध्ये कोविडबाधित मातांची बाळंतपणे शेकड्यांनी झाली, आणि तिथल्या परिचारिकांनी जे केले ते कौतुकाच्या पलीकडचे आहे. ते त्यांना करता आले, कारण बाळ-बाळंतिणींची कामे जाणणारी माणसे त्या कामावर होती.

शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिकांचा अनुभव थोडा वेगळा. नेहमीच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, त्यामुळे त्यांना हलवणे प्रशासनाला सोपे वाटले, आणि ते चूकही नव्हते. पण शस्त्रक्रियागृहातली सिस्टर एका वेळी एका रुग्णाभोवती काम करते. उपकरणांची मोजणी, निर्जंतुक क्षेत्र, सर्जनच्या हाताच्या आधी आपला हात पोहोचणे, हे तिचे कौशल्य. तीस खाटांच्या वॉर्डात सकाळची औषधे, इंजेक्शने, नोंदी, घरी सोडायचे रुग्ण, नातेवाइकांचे फोन एकाच वेळी पेलणे हे निराळेच कसब आहे आणि तेही वर्षानुवर्षांत येते. जनरल वॉर्डातल्या परिचारिकेला आपण 'साधी' समजतो, ही आणखी एक चूक. तीसुद्धा तिच्या कामातली तज्ज्ञ असते.

मात्र इथे दुसरी बाजू आहे, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. कौशल्य नुसते मागे राहत नाही, ते बरोबरही येते, फक्त कुणी ते मागितले तर. शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिका अंगावर काय आधी चढवायचे, काय आधी उतरवायचे, कशाला हात लावायचा नाही, हे झोपेतही करू शकतात. पीपीई घालण्या-उतरवण्याचे धडे त्यांच्याइतके चांगले कोण देणार होते? मनोविकार विभागातल्या परिचारिकांना भेदरलेल्या, ऑक्सिजनचा मास्क ओढून काढणाऱ्या माणसाशी कसे बोलायचे, हे ठाऊक असते. कोविड वॉर्डात नातेवाईक नव्हते, माणसे एकटी मरत होती, मोबाइलच्या पडद्यावर घरच्यांना दाखवून निरोप दिले जात होते. वेदनाशमन आणि अखेरच्या काळजीत तयार झालेल्या परिचारिकेने तिथे नुसते सलाइन लावावे, की घरच्यांशी कसे बोलायचे हे बाकीच्यांना शिकवावे? नवजात विभागातली ती सिस्टर, जिला औषधाची मात्रा दशांशात मोजायची सवय आहे, ती औषधांच्या दुहेरी पडताळणीसाठी सर्वांत योग्य माणूस होती. काही ठिकाणी एखाद्या शहाण्या इन्चार्ज सिस्टरने अशी कामे तशी वाटून दिलीही. पण ते त्या त्या बाईच्या शहाणपणावर झाले. व्यवस्थेने ते केले नाही.

हा प्रश्न एकट्या भारताचा नाही. इंग्लंडमध्ये गंभीर रुग्णामागे एक अतिदक्षता परिचारिका, हे प्रमाण पाळण्याची पद्धत होती. 2020 च्या वसंतात ते सैल करून सहा रुग्णांमागे एक प्रशिक्षित अतिदक्षता परिचारिका, आणि तिच्या हाताखाली इतर विभागांतून आणलेल्या परिचारिका, इथपर्यंत खाली आणण्याची मुभा दिली गेली. तिथे विशेष परिचारिका हे वेगळे पद आहे, कर्करोग किंवा पार्किन्सनच्या रुग्णाची ठरलेली परिचारिका असते आणि रुग्ण तिला फोन करतो. तीच परिचारिका आयसीयूत गेली की तो फोन वाजत राहतो. आणि सहा रुग्णांची जबाबदारी असलेल्या अनुभवी परिचारिकेवर दुहेरी भार पडला: रुग्ण सांभाळायचे आणि आलेल्या नवख्यांनाही. 2020 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या नऊ आयसीयूंतल्या 709 कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. जवळपास निम्म्यांमध्ये तीव्र मानसिक त्रासाची किंवा अति मद्यपानाची लक्षणे होती आणि परिचारिकांची स्थिती डॉक्टरांपेक्षा वाईट होती. नुसत्या श्रमांनी असे होते असे मला वाटत नाही. आपल्याला जे चांगले येते ते आपण करू शकत नाही आणि जे करावे लागते आहे ते पुरेसे चांगले होत नाही, ही जाणीव माणसाला आतून पोखरते. परिचारिकेच्या बाबतीत त्या जाणिवेसमोर एक जिवंत माणूस पडलेला असतो.

आता त्या न लिहिलेल्या आदेशाकडे येऊ. राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यातल्या 41 केंद्रांच्या पाहणीत 2020 च्या मार्च ते मे या काळात नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या तुलनेत 54 टक्क्यांनी घटलेली आढळली. देशात 2019 मध्ये सुमारे 24 लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. 2020 मध्ये ती 18 लाखांवर आली. कर्करोग आणि क्षय कमी झाले नव्हते, ते नोंदवले जात नव्हते. याला टाळेबंदी, बंद रेल्वे, संसर्गाची भीती अशी अनेक कारणे होती, सगळा दोष कर्मचारी हलवण्यावर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण क्षयाच्या कामातली माणसे आणि तपासणीची यंत्रे कोविडकडे वळवली गेली, हे त्यांतले एक कारण होतेच. डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तास यंत्रावर राहावे लागते. त्याला "पुढच्या महिन्यात या" सांगता येत नाही. फिस्टुलात (डायलिसिससाठी हातावर जोडून तयार केलेल्या रक्तवाहिनीत) जाड सुई नेमकी बसवणे, यंत्रावर रक्तदाब कोसळताना वेळेवर ओळखणे, हे त्या विभागातल्या परिचारिका आणि तंत्रज्ञ करतात. त्यांतले दोघे-तिघे विलगीकरणात गेले किंवा हलवले गेले की केंद्राची एक पाळी बंद. केमोथेरपीचे तर काही विचारूच नका. व्हिन्क्रिस्टीन किंवा डॉक्सोरुबिसिनसारखे औषध शिरेबाहेर झिरपले तर हाताचे मांस जळते. ती सुई कुणी लावायची, हा प्रश्न "कुणीही सिस्टर" या उत्तराने सुटत नाही.

वेगळा निर्णय घेता येतो, हे मुंबईतच दिसले. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने कर्करोगाचे उपचार थांबवायचे नाहीत, असे ठरवले. 23 मार्च ते 30 एप्रिल 2020 या सर्वांत कठीण आठवड्यांत तिथे 494 नियोजित मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही. शस्त्रक्रिया म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सर्जन येतो. पण शस्त्रक्रियागृहाच्या, रिकव्हरीच्या आणि कर्करोग वॉर्डाच्या परिचारिका जागेवर नसत्या तर 494 चा हा आकडा शून्य झाला असता. प्रत्येक रुग्णालयाला हे शक्य नव्हते. टाटाकडे एकच आजार आहे, पैसा आहे, माणसे आहेत. तरीही त्या निर्णयातले एक तत्त्व कुणालाही घेण्यासारखे आहे: काय बंद करायचे नाही, हे आधी ठरवायचे आणि मग उरलेली माणसे मोजायची. बाकी बहुतेक ठिकाणी उलटे झाले. आधी माणसे उचलली गेली आणि काय बंद पडले ते नंतर कळले.

या म्हणण्यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की दारात माणसे गुदमरत असताना कुणाचे कौशल्य कोणते, संमती आहे की नाही, हे विचारत बसायला वेळ कुठे होता? मार्च-एप्रिल 2020 साठी हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते. पण दुसरी लाट एका वर्षाने आली. मधल्या काळात प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला आपल्या परिचारिकांपैकी कुणी व्हेंटिलेटर सांभाळले आहे, कुणाला दोन दिवस शिकवले तर सांभाळता येईल आणि कुणाला जागेवरून हलवताच कामा नये, याची यादी करायला पुरेसा वेळ होता. ती झाली नाही. घाईची सबब एकदा चालते.

दुसरा आक्षेप परिचारिकांमधूनच येतो आणि तो जास्त टोचणारा आहे. विशेष शाखेचे कारण सांगून काही जणी कोविड ड्यूटी टाळतील आणि सगळा भार जनरल वॉर्डवाल्यांवर आणि कंत्राटी मुलींवर पडेल, अशी ही भीती. ती खरी आहे, कारण असे झालेही. ज्यांची ओळख होती त्यांची नावे यादीत उशिरा आली, आणि ज्या तात्पुरत्या होत्या त्यांची सर्वांत आधी. पण कौशल्याची नोंद नसणे हेच तर या वशिल्याचे खत आहे. कोणाला का पाठवले याचे लिहिलेले कारण नसेल, तर तोंडी कारण नेहमी बलवानाच्या बाजूचे असते. नोंद उघड असली की "मी शस्त्रक्रियागृहाची" एवढे सांगून कुणाला सुटता येणार नाही. शस्त्रक्रियागृहाची ना, मग पीपीईचे प्रशिक्षण तुमच्याकडे, असे तिला सांगता येईल.

खाजगी रुग्णालयांत प्रश्न आणखी कडवट होता. 2020 च्या मेमध्ये कोलकात्यातल्या खाजगी रुग्णालयांतल्या शंभराहून अधिक मणिपुरी परिचारिका नोकरी सोडून घरी परतल्या. मुंबईतूनही अनेक केरळी परिचारिका गेल्या. त्यांना भित्र्या म्हणणारे लोक मी ऐकले आणि मला त्याचा संताप आला. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने लहानात लहान, 50 पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान 20,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस केली होती. कित्येक ठिकाणी तेवढेही मिळत नाहीत. तेवढ्या पगारात, न शिकवलेल्या कामावर, अपुऱ्या साधनांसह उभे राहा असे सांगितल्यावर घरी जाणाऱ्या मुलीला दोष देण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळाला?

आणि काही चुकले तर? नोव्हेंबर 2021 मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविड आयसीयूला आग लागून 11 रुग्ण दगावले. त्या प्रकरणात सुरुवातीला अटक झालेल्यांमध्ये परिचारिकाही होत्या. त्या खटल्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक परिचारिकेने त्या बातमीतून काय वाचले असेल, हे समजणे अवघड नाही. अनोळखी वॉर्डात, अनोळखी यंत्रांमध्ये उभी असलेली परिचारिका मनात एकच विचार करते: उद्या काही झाले तर मला इथे कुणी आणि काय शिकवून पाठवले, हे कोण सांगणार? आदेशात ते लिहिलेले नसते. म्हणून मला वाटते की हलवण्याच्या प्रत्येक आदेशात ते लिहिले जावे. ही परिचारिका कोणत्या विभागातून येते आहे, तिला काय येते, कोणते काम तिला एकटीने करायला सांगायचे नाही, तिची जोडीदार अनुभवी परिचारिका कोण, ती परत कधी जाणार आणि ती गेल्यामुळे तिच्या विभागात काय कमी होणार. एक पान पुरते. शेवटच्या ओळीवर रुग्णालयाच्या प्रमुखाची सही हवी, म्हणजे तो दुसरा आदेशही कुणाच्या तरी नावावर जाईल.

हे कोण ठरवणार, हा कळीचा प्रश्न. कोविडसाठी राज्याने डॉ. संजय ओक यांच्या अध्यक्षतेखाली टास्क फोर्स, म्हणजे सल्लागार तज्ज्ञांचे मंडळ, नेमला. त्यात नामवंत, अनुभवी डॉक्टर होते आणि त्यांच्या कामाविषयी मला आदर आहे. पण खाटेपाशी चोवीस तास जे घडते ते जाणणारी अधिसेविका अशा मंडळावर असायला हवी होती. माणसे कुठून काढली तर कुठे भोक पडेल, हे तिच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. स्वतंत्र नर्सिंग संचालनालयाची मागणी जुनी आहे. ती केवळ मानाची मागणी म्हणून पाहिली जाते, हे दुर्दैव. साथीच्या काळात निर्णयाच्या टेबलावर परिचर्येचा आवाज असणे हा रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

कायद्याची चौकट आता बदलते आहे. 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी 2023 चा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा आला. परिचारिकांची राष्ट्रीय नोंदवही हा त्याचा भाग आहे. त्या नोंदवहीत नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक एवढेच राहिले, तर पुढच्या साथीतही यादी डोकी मोजूनच होईल. तिथे विशेष पदविका, कोणत्या विभागात किती वर्षे, शेवटचे व्हेंटिलेटर कधी हाताळले, हे दर काही वर्षांनी अद्ययावत व्हायला हवे. आणि शांततेच्या काळात, दरवर्षी थोडे दिवस, इतर विभागांतल्या परिचारिकांना आयसीयूत अनुभवी जोडीदाराबरोबर काम करू द्यायला हवे, म्हणजे गरजेच्या रात्री त्या दारातून पहिल्यांदाच आत शिरणार नाहीत.

परतीबद्दल कुणी फारसे बोलत नाही, म्हणून मी बोलते. कोविड ओसरल्यावर कित्येक परिचारिका आपल्या विभागात परतल्या तेव्हा तिथली घडी विस्कटलेली होती. शिकवून तयार केलेल्या धाकट्या मुली नोकरी सोडून गेलेल्या, रखडलेल्या शस्त्रक्रियांची लांबलचक यादी, आणि वरून "आता अनुशेष भरून काढा" असा आदेश. ज्यांनी कोविड आयसीयूत खरोखर नवे कौशल्य कमावले, त्यांचे ते कौशल्यही कुठे नोंदले गेले नाही. जम्बो केंद्रांतल्या कंत्राटी परिचारिका केंद्रे बंद झाली तशा घरी गेल्या. व्हेंटिलेटर, हाय-फ्लो ऑक्सिजन, पालथे घालणे, हे सगळे हातात बसलेल्या शेकडो मुली आपण एका फटक्यात गमावल्या. आणि 2022 च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी परिचारिकांना बाह्यस्रोतातून भरती करण्याच्या विरोधात संपावर जावे लागले. टाळ्या-थाळ्या वाजवून दोन वर्षे झाली होती.

ठेकेदारामार्फत आलेली परिचारिका दर अकरा महिन्यांनी बदलत राहिली, तर कुठल्याही विभागात कौशल्य मुरणारच नाही, आणि मग पुढच्या साथीत हलवायला तज्ज्ञ परिचारिका उरणारच नाहीत. म्हणून कायम भरती, विभागाला धरून पदे आणि हलवण्याच्या आदेशाचे ते एक पान, या तिन्ही गोष्टी मला एकत्रच मागायच्या आहेत. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना मंत्रालयाची मंजुरी आणि पैसा लागेल, वेळ लागेल, कदाचित आणखी एक संपही लागेल. तिसरीला काहीच लागत नाही. त्याची सुरुवात म्हणून कुठल्याही रुग्णालयाच्या अधिसेविकेने पुढच्या महिन्याची ड्यूटी लिस्ट लावताना प्रत्येक नावापुढे एक रकाना वाढवावा आणि त्यात त्या परिचारिकेला काय येते ते तिलाच विचारून लिहावे.